उगारलेली मूठ

सोलापुरात बाळीवेशीकडच्या एका गल्लीत तीन पिढ्यांचे एक घर आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, वयाची ७४ वर्षे ओलांडलेले आहेत. नवी पेठेतील कापडाच्या दुकानात ते अजूनही सकाळी दोन तास गादीवर बसतात. उरलेला वेळ मंदिर, स्वाध्याय आणि वर्तमानपत्र यांत जातो. गेल्या चातुर्मासातील एका संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून ते सामायिकाला बसले होते. एवढ्यात शेजारच्या खोलीतून नातवाचा आवाज आला, "जिन हरला! परत हरला!"

अण्णांच्या हातातील माळ थांबली. राग-द्वेषांना ज्याने जिंकले तो जिन. ज्याच्या नावातच विजय आहे, तो हरेल कसा? सामायिक पूर्ण करून ते नातवाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. दूरदर्शन संचाच्या मोठ्या पडद्यावर एक पिळदार अंगाचा तरुण जमिनीवर कोसळलेला होता आणि नातू हातातील कंट्रोलरकडे खिन्नपणे पाहत होता.

"हा कोण?" अण्णांनी विचारले.

"हाच जिन, अण्णा. जपानी नाव आहे. जिन काझामा."

त्या जपानी चित्राक्षराचा अर्थ दया, माणुसकी असा होतो, हेही नातवाने मोबाईलवर शोधून सांगितले. अण्णांना गंमत वाटली. दया नावाचा मुलगा सबंध जन्म मारामारी करतो, हा काय प्रकार आहे ते पाहावे, अशा कुतूहलाने ते त्या दिवशी प्रथमच त्या खोलीतील खुर्चीवर बसले. पुढे पंधरा-वीस दिवस ते रोज अर्धा तास तेथे बसत राहिले.

खेळाचे नाव 'टेक्कन ८'. 'टेक्कन' म्हणजे लोखंडी मूठ. बांदाई नामको या जपानी कंपनीने २६ जानेवारी २०२४ रोजी तो बाजारात आणला. या मालिकेचा पहिला खेळ १९९४ सालचा. म्हणजे हा आठवा अवतार तीस वर्षांनी आला. दोन खेळाडू, दोन योद्धे आणि साधारणतः ६० सेकंदांची एक फेरी. चार बटणे चार अवयवांची: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. प्रतिस्पर्ध्याची ताकद दाखवणारी पट्टी संपली की फेरी जिंकली. नियम एवढेच, पण त्यातील चाली इतक्या की त्या पाठ करण्यात मुलांची वर्षे जातात.

अण्णांची पहिली भीती मारामारीची नव्हती, पैशाची होती. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताचे नाव पहिले येते, हे व्यापारी घरात लहानपणीच कानावर पडते. मोबाईलवरील पैशांच्या खेळांत घरेच्या घरे बसल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या संगणकीय स्पर्धांना मात्र मान्यता दिली. नातवाचा खेळ या दुसऱ्या प्रकारात मोडतो, त्यात पण लावला जात नाही, याची खात्री त्यांनी करून घेतली. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सना प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. तेथे याच जातीच्या 'स्ट्रीट फायटर' या खेळात भारताचे खेळाडू उतरले होते, हेही त्यांना नातवाकडून कळले. तेव्हा उडाणटप्पूंचा उद्योग म्हणून तो मोडीत काढणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. मालाला नाव ठेवण्यापूर्वी तो गाठोडे सोडून पाहावा, ही त्यांची जुनी सवय.

गाठोडे सोडल्यावर काही गोष्टी खरोखर चांगल्या निघाल्या.

पहिली म्हणजे येथे नवख्याला हाकलून देत नाहीत. जुन्या खेळांत अवघड चाली हाती बसेपर्यंत नवा खेळाडू नुसता मार खात असे. या आठव्या खेळात 'स्पेशल स्टाईल' नावाची सोय आहे. एक बटण दाबले की सोप्या जोडचाली नवशिक्यालाही साधतात. शिवाय एक वेगळी कथा खेळत खेळत सगळे डावपेच पायरीपायरीने शिकवलेले आहेत. नव्या नोकराला पहिल्याच दिवशी गिऱ्हाईकासमोर उभे न करता आधी घड्या घालायला, मग माप घ्यायला शिकवावे, तसाच हा क्रम.

दुसरी गोष्ट पाहून अण्णा थोडे चकित झाले. झालेला सामना पुन्हा पाहता येतो, आणि पाहता पाहता खेळ स्वतःच दाखवतो की येथे तुझी चूक झाली, येथे अमुक चाल केली असतीस तर वाचला असतास. एवढेच नव्हे, चुकीच्या त्या क्षणी सामना थांबवून तेथून पुढे स्वतः खेळून पाहता येते. नातू हरलेला सामना असा तीन-तीनदा तपासत असे. आलोचना आणि प्रतिक्रमण यांत साधक तरी दुसरे काय करतो? दिवसभरात कोठे घसरलो तेथवर मनाने मागे जातो, ते दोष डोळ्यांसमोर आणतो आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करतो. उद्देशात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे अण्णा जाणून होते. तरी सतरा वर्षांचा मुलगा पराभवानंतर दैवाला किंवा दुसऱ्याला दोष न देता आपली चूक शोधत बसतो, याचे मोल त्यांना कमी वाटले नाही. दुकानातील तोट्याचा असा हिशेब घरातील मोठ्यांनीही कधी मांडला नव्हता.

तिसरी सोय अधिकच विलक्षण. खेळाडू जसजसा खेळतो तसतशी यंत्र त्याची ढब टिपून घेते आणि त्याचे एक प्रतिरूप तयार करते. त्याला 'घोस्ट' म्हणतात. तो कधी वाकतो, कधी घाबरतो, कोणती चाल गरज नसताना वारंवार करतो, ते सारे त्या प्रतिरूपात उतरते. मग स्वतःच्याच प्रतिरूपाशी लढता येते. बाहेरच्या शत्रूवरील विजयापेक्षा स्वतःवरील विजय मोठा, हे प्रवचनात शेकडो वेळा ऐकलेले वाक्य अण्णांना या पडद्यावर वेगळ्याच वेषात भेटले.

पण एके दिवशी नातू जे प्रतिरूप घेऊन खेळत होता, ते त्याचे स्वतःचे नव्हते.

"आज दादाला सोडणार नाही," तो पुटपुटला.

"कोण दादा?"

नातू जरा घुटमळला. मग म्हणाला, "पुण्याचा दादा. तो ऑनलाइन नसला की त्याचा घोस्ट घेऊन खेळतो. असला की खराच खेळतो."

अण्णा गप्प झाले. पुण्याचा दादा म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी पेढीची वाटणी झाली आणि थोरला पुण्याला गेला. बावीस वर्षे दुकान ओढले ते आपण, असे त्याचे म्हणणे. उधारी वाढवून गोदाम अडकवले ते त्यानेच, असे धाकट्याचे. वाटणीच्या कागदावर सह्या झाल्या त्या दिवसापासून दोघे भाऊ केवळ सी.ए.मार्फत बोलत होते. आणि येथे, दोघांच्या पाठीमागे, दोघांची मुले रात्री दहानंतर एकमेकांना ठोसे मारत, हसत, चिडवत, गप्पा मारत होती. सबंध घरात बोलणे चालू असलेली ती एकच जागा उरली होती.

पडद्यावरचे ते प्रतिरूप आधी दोन पावले मागे सरके, मग एकदम पुढे झेपावे. अण्णांना आठवले, पुण्याचा हा नातू लहानपणी वाड्याच्या चौकात लगोरी खेळतानाही असाच आधी मागे सरत असे. दोन वर्षांत त्यांनी त्याला पाहिले नव्हते. त्याची सवय मात्र त्या रात्री त्यांच्यासमोर उभी होती.

त्याच आठवड्यात धाकटा मुलगा दुकान बंद करून घरी आला आणि क्षणभर खोलीच्या दारात थांबला. कॉलेजच्या दिवसांत तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन खेळायला देणाऱ्या एका दुकानात 'टेक्कन ३' खेळण्यासाठी दोघे भाऊ सायकलवर डबलसीट जात. तो खेळ १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आला होता. त्यातील एडी गॉर्डो नावाचा, नाचल्यासारखे पाय फिरवणारा ब्राझिलियन योद्धा तेव्हा मुलांचा फार लाडका होता. पडद्यावर तो एडी दिसताच धाकटा म्हणाला, "एडी दादाचा असायचा." आणि पुढे काही न बोलता आत निघून गेला.

या खेळाची कथाही अशी की व्यापारी घराने कान टवकारावेत. मिशिमा झायबात्सु हा तिच्या केंद्रस्थानी असलेला उद्योगसमूह. झायबात्सु म्हणजे जपानमधील एकेका घराण्याच्या मालकीचे अवाढव्य व्यापारी समूह. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मोडण्यात आले. त्यांतील मित्सुई घराण्याची सुरुवात १६७३ मध्ये एडो, म्हणजे आजच्या टोकिओ येथे काढलेल्या कापडाच्या दुकानाने झाली होती. पेढी फुटू नये म्हणून त्या घराण्याने पुढे आपल्या वारसांसाठी लेखी नियम घालून दिले. खेळातील मिशिमा घराण्यात असे कोणतेच नियम नाहीत. हेहाची नावाचा बाप आपल्या लहानग्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून खाली फेकतो. मोठा झालेला मुलगा बापाला फेकतो. पुढे बाप मुलाला ज्वालामुखीत टाकतो. नातू जिन याच्यावर तर आजोबाच गोळी झाडतो. आठव्या भागात हा जिन आपल्या बापासमोर, काझुयासमोर, उभा ठाकतो. त्याआधी त्याला आपल्याच आतल्या राक्षसाशी झुंजावे लागते. शेवटी दोघांच्याही अंगातील राक्षसी शक्ती निघून जाते आणि बाप-लेक साध्या मुठींनी लढतात. तीस वर्षे चाललेल्या भाऊबंदकीचा असा हा कळस.

"वाटणीचा कागद कोणी केलाच नाही वाटते," अण्णा म्हणाले. नातू खो खो हसला. अण्णा हसले नाहीत.

आता या मालाचे दोष. तेही तितक्याच चोखपणे मांडले पाहिजेत.

सर्वांत मोठा दोष खेळाच्या गाभ्यातच आहे. या आठव्या भागाच्या निर्मात्यांनी आक्रमण हेच आपले सूत्र ठरवले. 'हीट' नावाची एक अवस्था त्यांनी आणली. प्रत्येक फेरीत एकदा, सुमारे दहा सेकंद, खेळाडूचे बळ वाढते. त्या वेळी समोरच्याने ठोसा नीट अडवला तरी त्याची थोडी ताकद खर्ची पडतेच. शिवाय गमावलेल्या ताकदीचा काही भाग परत मिळवता येतो, पण त्यासाठी प्रतिस्पर्ध्यावर ठोसे मारत राहावे लागते. शांतपणे बचाव करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. जुन्या भागांत धीराने अडवणारा, समोरच्याची चूक होईपर्यंत थांबणारा खेळाडू आदर मिळवी. आता त्याची अवस्था रोकड सांभाळून बसलेल्या, पण भोवतालच्या सवलतींच्या धुमाळीत रोज थोडा थोडा झिजणाऱ्या दुकानदारासारखी झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या हंगामाचे फेरफार आले. बचावाला बळ मिळेल अशी खेळाडूंची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आक्रमणच आणखी धारदार झाले. जगभरच्या खेळाडूंनी इतका तीव्र निषेध केला की कंपनीला काही आठवड्यांतच त्यातील बरेच बदल मागे घ्यावे लागले. मारामारीच्या खेळाचे चाहते बचावाला न्याय मागतात, ही गोष्ट अण्णांना फार बोलकी वाटली.

दुसरा दोष व्यवहाराचा. पूर्ण किंमत मोजून खेळ घेतलेल्या ग्राहकासमोर महिन्याभरातच आतमध्ये आणखी एक दुकान उघडण्यात आले. योद्ध्यांचे कपडे आणि साज तेथे वेगळे पैसे देऊन घ्यायचे. नंतर हंगामी पास आला. एडी गॉर्डोसारखे जुने लाडके योद्धेही मूळ ३२ जणांत नव्हते, ते मागाहून वेगळ्या पैशांत मिळाले. २०२४ च्या शरद ऋतूत एक नवे रिंगण अशाच रीतीने वेगळे विकले गेले, तेव्हा आगाऊ पैसे भरलेले ग्राहक संतापले आणि निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पैसे देऊन ताकद मात्र विकत मिळत नाही, सामना कौशल्यावरच ठरतो, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही पावती फाडून झाल्यावर सदऱ्याच्या गुंड्यांचे पैसे वेगळे मागितले तर नवी पेठेत ते दुकान किती दिवस चालेल, हा अण्णांचा प्रश्न रास्तच होता. घरातील कार्ड त्या यंत्राला जोडून ठेवू नये, हा बोध मात्र प्रत्येक पालकाने घ्यावा.

तिसरा दोष आजींनी काढला. देवघराकडे जाता जाता त्यांनी पडद्यावर एका अस्वलाला ठोसे बसताना पाहिले आणि त्या जागीच थांबल्या. "मुक्या जनावराला कशाला मारता रे?" त्या म्हणाल्या. त्या खेळात अस्वलेही योद्धे आहेत आणि माणसांना भारी पडतात, असे नातवाने परोपरीने समजावले. आजींचे समाधान झाले नाही. त्यांचे समाधान होऊ नये, हेच बरोबर होते.

कारण खरा प्रश्न आजींच्या त्या वाक्यात आहे. अशा खेळांतील हिंसेची चिंता साऱ्या जगाला पडलेली आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट' या १९९२ च्या खेळातील रक्तपातावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी खेळांना वयोगट ठरवून देणारी व्यवस्था तेथे अस्तित्वात आली. 'टेक्कन ८' तितका भीषण नाही. तरी युरोपात तो सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे त्यावर छापलेले असते. आपल्याकडे बहुतेक घरांत तो शिक्का कोणी वाचत नाही. लहान भावंडे त्याच खोलीत बसून पाहत असतात. परंतु जैन घराचा प्रश्न वयोगटावर संपत नाही. खोट्या जीवावर केलेला खोटा घाव ही हिंसा आहे काय?

आपल्या परंपरेने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर याला वाईट स्वप्न पडले. आईने देवीपुढे पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजाला जीवहत्या नको होती आणि आईचे मनही मोडायचे नव्हते. त्याने तडजोड केली, पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला. जीव कोणाचाच गेला नाही. तरी त्या संकल्पाचे फळ म्हणून राजा आणि त्याची आई यांना पशुपक्ष्यांच्या कित्येक योनींत जन्म घ्यावे लागले आणि प्रत्येक जन्मात घात सोसावा लागला. सोमदेव सूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' चंपूत ही कथा सविस्तर येते. त्या ग्रंथावरील कृष्णकांत हंदिकी यांचा विख्यात इंग्रजी अभ्यासग्रंथ १९४९ मध्ये आपल्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

अण्णांनी ही कथा नातवाला सांगितली. मुलगा हुशार, अकरावी वाणिज्यचा. थोडा विचार करून तो म्हणाला, "अण्णा, राजाने पिठाला कोंबडा मानून सुरी चालवली. मी तर समोरच्याला माणूस मानतच नाही. मला तो बटणांचा हिशेब वाटतो. याने डावा हात उचलला की मी खाली बसायचे, एवढेच डोक्यात असते."

उत्तर पोरकट नव्हते. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येतही प्राणघाताआधी प्रमत्तयोगाची अट आहे. कषायाने माखलेले मन नसेल तर केवळ हात हलल्याने हिंसा पूर्ण होत नाही. अण्णांना लगेच उत्तर सुचले नाही. दोन दिवसांनी सुचले.

"तू त्या दिवशी म्हणालास, दादाला सोडणार नाही. म्हणजे समोर दादा आहे असे तू मानतोस. मग तो बटणांचा हिशेब कसा?"

नातू बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादाच असतो, अण्णा. पण राग नसतो ना. हरल्यावर आम्ही दोघंही हसतो. तो मला सांगतो, तू इथं चुकलास. त्याच्यावर राग असता तर मी त्याच्याशी खेळलोच नसतो."

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक मसुदा पडून होता. थोरल्याने पुण्याच्या नव्या दुकानावर पेढीचे जुने नाव लावले होते. अण्णांच्या वडिलांचे नाव. वाटणीच्या कागदाप्रमाणे ते नाव सोलापूरच्या दुकानाकडे राहायचे होते. धाकट्याच्या आग्रहावरून वकिलाने नोटिशीचा मसुदा करून दिला होता. अण्णांची सही तेवढी बाकी होती. आपण आधी नोटीस दिली नाही तर आपली बाजू लंगडी पडेल, असे वकिलाचे मत. नुसता बचाव करत बसणाऱ्याचे नुकसान ठरलेले. गेलेले परत मिळवायचे तर आधी प्रहार करायचा. पडद्यावरच्या त्या नव्या नियमाला अण्णा आठवडाभर नावे ठेवत होते. तोच नियम त्यांच्या खणात वकिलाच्या भाषेत लिहून ठेवलेला होता.

त्या घरात मुलगा रोज मूठ उगारत होता, पण त्याच्या मनात द्वेष नव्हता. मोठ्यांनी आयुष्यात मुंगीवर पाय पडू दिला नव्हता, पाणी गाळून प्यायले होते, कंदमूळ वर्ज्य केले होते. आणि दोन वर्षे सख्ख्या माणसाविषयी मनात गाठ बांधून ठेवली होती. पिठाचा कोंबडा नेमका कोणाच्या खोलीत होता?

भरत-बाहुबलींची कथा प्रत्येक जैन बालकाला ठाऊक असते. तीही दोन भावांची, वाटणीचीच. सैन्ये समोरासमोर उभी राहिली, तेव्हा मंत्र्यांनी सुचवले की भावांच्या भांडणात सैनिकांचा बळी कशाला? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असे तीन सामने ठरले. श्वेतांबर परंपरा पाच सामने सांगते. नियम आधी ठरलेले, रक्त सांडायचे नाही, हरणाऱ्याने हार मानायची. एका अर्थी जगातील हा पहिला नियमबद्ध द्वंद्वखेळ. बाहुबलींनी तिन्ही जिंकले. पुढची कथा मात्र जिंकण्याची नाही. श्वेतांबर परंपरेत असे येते की मोठ्या भावावर मूठ उगारलेली असतानाच बाहुबलींच्या मनात वैराग्य उपजले. उगारलेली मूठ रिकामी परत घेणे वीराला शोभेना, म्हणून त्यांनी त्याच मुठीने स्वतःच्या केसांचा लोच केला. ९८१ मध्ये उभी राहिलेली श्रवणबेळगोळची मूर्ती आपण पाहतो तेव्हा तिचे हात मोकळे, सरळ खाली सोडलेले असतात. मूठ उघडलेली असते. लोखंडी मुठीच्या खेळात हजार चाली आहेत. ही एक चाल त्यात नाही, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे न्यून आहे. ते न्यून कोणताही कारागीर भरून काढू शकणार नाही. ते घरानेच भरून काढायचे असते.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस नातवाने यंत्र बंद ठेवले. कोणी सांगितले नव्हते. पुण्याच्या दादानेही तसेच ठरवले होते, असे मागाहून कळले. अनंत चतुर्दशी झाली आणि क्षमावणीचा दिवस आला. मंदिरात अण्णांनी रीतीप्रमाणे सगळ्यांपुढे हात जोडले. दुकानातील नोकरांची क्षमा मागितली, शेजाऱ्यांची मागितली, दरवर्षी येणाऱ्या निरोपांना उत्तरे दिली. ज्याची मागायची होती त्याच्यापर्यंत हात पोहोचत नव्हता.

रात्री यंत्र पुन्हा सुरू झाले. अण्णा खुर्चीवर येऊन बसले. नातवाने डोक्यावरील हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी तो उलटसुलट पाहून कानाला लावला.

"अण्णा? उत्तम क्षमा," पुण्याहून आवाज आला. आवाज आता पुरुषी झाला होता.

"उत्तम क्षमा, बाळा," अण्णा म्हणाले. मग त्यांना शब्द सुचेनात. पडद्यावर फेरी सुरू झाली होती आणि ६० पासून सेकंद उलटे मोजले जात होते. दोघेही योद्धे आपापल्या जागी नुसते उभे होते. दोघांपैकी कोणीही बटण दाबत नव्हते. घड्याळ चाळिसाच्या खाली आले तेव्हा अण्णा म्हणाले, "बाबा जागे आहेत का तुझे?"

"आहेत. दुकानाचा हिशेब करत बसलेत. देऊ?"

अण्णांनी नातवाकडे पाहिले. दारात धाकटा उभा होता. तो आत आला नाही आणि गेलाही नाही.

"नको," अण्णा म्हणाले. "यातून नको. मी फोन करतो."

ते उठून आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. त्या फोनवर काय बोलणे झाले ते घरात कोणाला ठाऊक नाही. पुण्याच्या दुकानावरची पाटी अजून तीच आहे, आणि नोटिशीचा मसुदाही अजून खणातच आहे. त्यावर सही झालेली नाही. मुले रात्री खेळतात. आजी अजूनही अस्वल दिसले की रागावतात.